लीळाचरित्राचा अभ्यास कुठून सुरू करावा?

लीळाचरित्र म्हणजे महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या आठवणींचा तेराव्या शतकातील मराठी गद्यग्रंथ. त्याविषयी वाशीम जिल्ह्यातील एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्या लिहितात : “मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. बहिःस्थ विद्यार्थिनी म्हणून मराठीत एम.ए. केले आणि आता यादवकालीन गद्यावर पीएच.डी. करावी असे मनात आहे. ‘लीळाचरित्रातील समाजदर्शन’ हा विषय मला सुचवण्यात आला. मात्र ग्रंथ उघडला आणि वीस-पंचवीस पानांपुढे जाता आले नाही. भाषा अडते, आणि जिथे अडत नाही तिथे काय चालले आहे ते कळत नाही. कोणी आले, पूजा झाली, जेवण झाले, निद्रा झाली, पुढच्या गावी निघाले, असेच सगळे दिसते. आधी इतिहास वाचावा की व्याकरण? हा ग्रंथ इतिहासाचे साधन मानावा का? मी महानुभाव पंथाची उपदेशी (उपदेश घेतलेली अनुयायी) नाही, तेव्हा एखाद्या मठात जाऊन शंका विचारणे योग्य दिसेल का? की विषयच बदलावा?”

सप्रेम नमस्कार.

विषय बदलू नका, पण शीर्षक बदला, आणि तेही आत्ता लगेच ठरवू नका. ‘समाजदर्शन’ या शब्दाने संपणारे प्रबंध आपल्या विद्यापीठांतून इतके झाले आहेत की त्यांची प्रकरणे वाचण्यापूर्वीच सांगता येतात : आहार, वेशभूषा, अलंकार, सणवार, स्त्रियांची स्थिती, जातिव्यवस्था. अशा प्रबंधात मूळ ग्रंथाची वाक्ये सुटी करून त्या त्या खणात टाकली जातात, आणि ती कोणी सांगितली, कोणाच्या आठवणीतून आली, कोणत्या पोथीत आहेत आणि कोणत्या पोथीत नाहीत, हे प्रश्न विचारायचे राहून जातात. लीळाचरित्राच्या बाबतीत तर अभ्यासाचा मुख्य भाग याच प्रश्नांत आहे. तेराव्या शतकाविषयी या ग्रंथाकडून काही जाणून घ्यायचे असेल, तर हा ग्रंथ तेराव्या शतकापासून आपल्या हातापर्यंत कसा आला, ते आधी समजून घ्यावे लागते. माझ्या मते आपल्या पहिल्या वर्षाचे काम एवढेच असावे.

तो प्रवास थोडक्यात असा. चक्रधरस्वामींनी उत्तरापंथे गमन केल्यानंतर, म्हणजे ते कायमचे उत्तरेकडे निघून गेल्यावर, काही वर्षांनी, म्हणजे शके १२०० (इ.स. १२७८) च्या सुमारास, त्यांचे शिष्य म्हाइंभट यांनी रिद्धपूर येथे, स्वामींनंतर पंथाची धुरा सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांच्या सान्निध्यात, हा ग्रंथ सिद्ध केला. ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले होते, त्यांच्याकडे गावोगाव जाऊन त्यांनी आठवणी मिळवल्या आणि नागदेवाचार्यांकडून त्या पडताळून घेतल्या. स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिले ते सांगणारे साक्षीदार गाठून, त्यांची नावे जपून केलेली अशी रचना त्या काळात विरळच होती. परंतु १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खलजीची देवगिरीवर स्वारी झाली आणि पुढच्या दोन दशकांत यादवांचे राज्य लयाला गेले. या धामधुमीत, ज्या आपत्तीला पंथीय परंपरा ‘खालशाची धाड’ म्हणते तिच्यात, मूळ पोथी नाहीशी झाली असे परंपरा सांगते. त्यानंतर ज्यांना ती मुखोद्गत होती त्यांच्याकडून ग्रंथ पुन्हा उभा केला गेला, आणि हिराइसांसारख्या स्मरणशक्तीसाठी ख्यात असलेल्या स्त्रीचे नाव एका पाठाशी, म्हणजे ग्रंथाच्या एका रूपाशी, कायमचे जोडले गेले. साहजिकच एकाहून अधिक पाठ तयार झाले. पंथातील आचार्यांनी हे भेद दडपून टाकले नाहीत, ही गोष्ट आपण विशेष लक्षात घ्यावी. प्रसंग एका प्रकारे सांगून झाल्यावर दुसऱ्या कोणाच्या आठवणीत तो कसा होता, हेही नावानिशी नोंदवले जाते, आणि अशा भेदाला त्यांच्या परिभाषेत ‘वासना’ म्हणतात. वाचताना मध्येच एखादे व्यक्तिनाम येते आणि मजकूर थोडा फिरतो, तेव्हा वाचक गोंधळतो. आपल्याला वीस-पंचवीस पानांत जी अडचण आली, तिचे एक कारण हेही असू शकेल. ती जागा गोंधळाची मानू नका. सातशे वर्षांपूर्वीचे संपादन प्रत्यक्ष चाललेले तिथे दिसते.

यानंतर चौदाव्या शतकात या पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिण्यास सुरुवात केली. सकळ लिपीचे श्रेय रवळोबासांना दिले जाते. तिचे तत्त्व साधे आहे : ठरावीक कोष्टकाप्रमाणे एका अक्षराऐवजी दुसरे लिहायचे. पण किल्ली ठाऊक नसलेल्याला पान पूर्णपणे बंद. त्यामुळे पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला या सगळ्या वाङ्मयाचा जवळजवळ पत्ताच नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी संशोधक वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे यांच्या प्रयत्नांनी, आणि पोथ्या दाखवण्यास तयार झालेल्या काही महंतांच्या औदार्याने, हे दार उघडले. एकोणिसाव्या शतकात मराठी वाङ्मयाचा जो इतिहास सांगितला जात होता, त्यात हे गद्य नव्हते. म्हणून त्या काळचे मराठी साहित्य म्हणजे ओवी, हा समज आपल्या शालेय पुस्तकांत इतका रुजला आहे.

आता छापील आवृत्त्यांकडे वळू. ह. ना. नेने यांनी १९३० च्या दशकात भागशः संपादन सुरू केले, शं. गो. तुळपुळे यांची आवृत्ती १९६० च्या दशकात आली, आणि वि. भि. कोलते यांची महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७८ मध्ये प्रसिद्ध केली. या तिघांनी वापरलेल्या पोथ्या वेगळ्या, लीळांचा (स्वामींच्या एकेका प्रसंगाच्या आठवणींचा) क्रम आणि संख्या वेगळी, कधी कधी एकाच लीळेतील शेवटचे वाक्यही वेगळे. आपण कोणती आवृत्ती घेतली आहे ते पत्रात लिहिलेले नाही, आणि सुचवण्यात आलेल्या विषयातही त्याचा उल्लेख दिसत नाही. माझी सूचना अशी की एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध या ग्रंथाच्या तीन भागांपैकी पूर्वार्धातील सलग पंधरा-वीस लीळा निवडाव्यात, त्या तिन्ही संपादनांत शोधून काढाव्यात आणि वहीच्या समोरासमोरच्या पानांवर स्वतःच्या हाताने उतरवून घ्याव्यात. यंत्रावर छायाप्रत काढून हे काम होत नाही, कारण उतरवताना हात जिथे अडखळतो तिथेच पाठभेद असतो. हे काम कंटाळवाणे आहे, ते मी नाकारत नाही. पण ते झाल्यावर आपण कोणत्याही प्रबंधातील ‘लीळाचरित्रात असे म्हटले आहे’ हे वाक्य पूर्वीच्या भाबडेपणाने वाचू शकणार नाही.

भाषेची धास्ती घेऊ नका. आपण वऱ्हाडातल्याच आहात, आणि पुण्याकडच्या विद्यार्थ्याला कोशात पाहावे लागणारे काही शब्दप्रयोग आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात अजून सापडण्याचा संभव आहे. मोठ्याने वाचा. हे गद्य बोललेले आहे, आणि कानावर पडले की त्याची वाक्ये आपोआप सुटी होतात. स्वामी स्वतःचा उल्लेख ‘मी’ असा न करता ‘हें’, ‘एथ’ असा करतात, एवढी एक गोष्ट कळली तरी अर्धी संवादपाने उलगडतात. ‘पूजावसर’, ‘आरोगणा’, ‘गुळळा’, ‘पहुड’, ‘उपहुड’ हे शब्द ठरावीक क्रमाने पुन्हा पुन्हा येतात, आणि आपल्याला वाटलेला तोचतोचपणा यांच्यातूनच येतो. पूजेची वेळ, भोजन, चूळ भरणे, झोप, जाग : श्रद्धावान साक्षीदाराच्या दृष्टीने यांपैकी काहीच गौण नाही, कारण ज्याचे सान्निध्य संपले त्याचे स्मरण हीच आता साधना आहे, आणि स्मरणात विड्यालाही उपदेशाइतकीच जागा आहे. ही दृष्टी ध्यानात घेतली नाही, तर आपण ‘महत्त्वाच्या’ लीळा वेचून उरलेल्या टाकून देऊ आणि मग ग्रंथात रचनाच नाही अशी तक्रार करू. कोश म्हणून तुळपुळे आणि ॲन फेल्डहाउस यांनी केलेला जुन्या मराठीचा इंग्रजी कोश (१९९९) हाताशी ठेवा. तो शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतो. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ही उपयोगी पडतो, परंतु तो सर्व काळांच्या मराठीचा असल्यामुळे त्यातला पहिला अर्थ डोळे मिटून घेऊ नये. व्याकरणासाठी तुळपुळ्यांचे ‘यादवकालीन मराठी भाषा’ आहे. ते आधी संपवून मग ग्रंथाकडे वळण्याची गरज नाही, शंका येईल तसे उघडावे.

इथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. उपलब्ध पोथ्या मूळ रचनेनंतर शतकांनी नकललेल्या आहेत, आणि नकलकाराच्या हातून भाषा नकळत त्याच्या काळाकडे सरकते. ज्ञानेश्वरीच्या बाबतीत हा प्रश्न आपल्या पूर्वजांना स्पष्ट दिसला होता. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ग्रंथाच्या प्रतींत अशुद्धे शिरली म्हणून एकनाथांनी शके १५०६ मध्ये ती शुद्ध केली, आणि पुढे जो कोणी तिच्यात आपली ओवी घालील तो अमृताच्या ताटात नरोटी ठेवील, असा इशाराही देऊन ठेवला. त्या संशोधित प्रतीतून मागे जाऊन तेराव्या शतकाचे रूप गाठण्यासाठी राजवाड्यांनी १९०९ मध्ये आपल्याला मिळालेल्या जुन्या पोथीवरून वेगळी ज्ञानेश्वरी छापली, आणि त्या पोथीच्या प्राचीनतेवर पुढे पुष्कळ वाद झाला. सांगायचे एवढेच की पोथीतील भाषेवरून ‘तेराव्या शतकात असे बोलत’ हे विधान करायला बळ लागते. ते बळ शिलालेखांतून येते, कारण दगडाची नक्कल कोणी सुधारून करत नाही. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शके ११२८ च्या लेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापन झालेल्या मठाचे वृत्त संस्कृतात आहे, पण मठाला कोणी काय द्यायचे हा व्यवहाराचा मजकूर येताच लेख मराठीवर येतो. पंढरपूरच्या चौऱ्याऐंशीच्या लेखात शके ११९५ ते ११९९ या काळातील देणग्या आहेत, आणि त्यात राजा रामचंद्रदेव यादव व त्याचा प्रधान हेमाद्री ही दोन्ही नावे आहेत, म्हणजे तो म्हाइंभटांच्या लेखनाचा अगदी समकालीन. तुळपुळ्यांच्या ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ या पुस्तकात हे लेख मिळतील. लीळाचरित्रातील एखादे रूप जुने की नंतरचे, हे ठरवताना आधी तिथे पाहावे.

इतिहासाचे साधन मानावे का, या आपल्या प्रश्नाला आता उत्तर देता येईल. राजकीय घटनांच्या तारखा ठरवण्यासाठी हा ग्रंथ फार जपून वापरावा. देवगिरीच्या दरबाराविषयी आणि विशेषतः हेमाद्रीविषयी त्यात जे येते, ते दुखावलेल्या बाजूने सांगितलेले आहे, आणि तसे असणे स्वाभाविकही आहे. ज्याने संस्कृतात ‘चतुर्वर्गचिंतामणि’सारखा व्रते आणि दाने यांचा प्रचंड ग्रंथ रचला, तो प्रधान आणि व्रतवैकल्ये व जातिभेद बाजूला सारणारा हा परिवार, हे एकमेकांविषयी निःपक्षपातीपणे बोलतील अशी अपेक्षा ठेवू नये. उलट जिथे सांगणाऱ्याला काही सिद्ध करायचे नसते, तिथे हा ग्रंथ अत्यंत विश्वसनीय असतो : मढातील अंधार, रस्त्यावरचा हाट, कोणत्या गावाहून कोणत्या गावी किती मुक्कामांत जाता येई, भिक्षेला काय मिळे. या दुसऱ्या प्रकारासाठी ‘स्थानपोथी’ सोबत वाचा. स्वामी जिथे जिथे राहिले त्या स्थानांची दिशांसकट नोंद तीत आहे. लोणार आपल्याला दूर नाही. लोणारच्या लीळांत कान्हरदेव यादवाची भेट येते. त्या लीळा आणि स्थानपोथीतील लोणारचा भाग घेऊन एक दिवस तिथली देवळे पाहून यावे, कोणती खूण आज जुळते आणि कोणती जुळत नाही ते लिहून ठेवावे. माझ्या अंदाजाने आपल्या प्रबंधाचा खरा विषय अशाच एखाद्या लहानशा प्रदेशातून निघेल. एका परिसरातील लीळा, त्यांचे पाठभेद, त्यांतील स्थाने आणि त्यांची भाषा, एवढा आवाका शाळा सांभाळून काम करणाऱ्या व्यक्तीला पेलणारा आहे, आणि तसे काम झालेले थोडेच आहे.

स्त्रियांविषयीच्या लीळांकडे आपले लक्ष गेले असेलच. बाइसा, महदाइसा, आउसा या स्वामींच्या शिष्यांची व्यक्तिमत्त्वे या ग्रंथात जितकी स्पष्ट उभी राहतात तितकी पुढच्या कित्येक शतकांच्या गद्यात कोणाचीच राहत नाहीत. मासिक धर्माचा विटाळ मानू नये, शरीरातून जसे इतर मळ जातात तसाच तो, असे स्वामी सांगतात, आणि म्हाताऱ्या महदाइसेच्या सततच्या प्रश्नांचे ते कौतुक करतात. हे प्रसंग मोलाचे आहेत. मात्र त्यांना आजच्या चळवळीची पूर्वपीठिका बनवण्याची घाई करू नये. संन्यास आणि ईश्वरप्राप्ती यांच्या चौकटीत ते बोलले गेले आहेत, आणि त्या चौकटीत ठेवले तरी त्यांचे तेज कमी होत नाही. तसेच ‘आद्य’ या विशेषणापासून शक्य तितके दूर राहावे. महदंबेचे, म्हणजे याच महदाइसेचे, ‘धवळे’ (लग्नगीते) वाचताना ती आद्य कवयित्री आहे हे पुन्हा सिद्ध करण्यात पाने घालवण्यापेक्षा, स्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांनी लग्नाची हौस धरली तेव्हा रिद्धपुरात म्हटलेली ही गाणी आणि नरेंद्राचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ हे दरबारी वळणाचे काव्य शेजारी ठेवून पाहावे. कथा तीच, श्रोते वेगळे, आणि त्यामुळे सगळेच वेगळे. नरेंद्राचे काव्य ऐकून राजाने ते आपल्या नावावर करण्याची इच्छा दाखवली आणि कवीने आपल्या कविकुळाला बोल लागेल म्हणून नकार दिला, ही ‘स्मृतिस्थळा’तील, म्हणजे नागदेवाचार्यांच्या आठवणींच्या ग्रंथातील, कथा तेव्हा जास्त अर्थपूर्ण वाटेल. ‘स्मृतिस्थळ’ तर आपण वाचायलाच हवे. पंथातील पंडित केशवराज सूरी संस्कृतात ग्रंथ रचू लागताच नागदेवाचार्य त्यांना थांबवतात, कारण त्याने आपल्या म्हाताऱ्या नागवल्या जातील. मराठीचा आग्रह तिथे भाषाभिमानातून आलेला नाही, समोर बसलेल्या बायांना कळले पाहिजे या चिंतेतून आला आहे.

मठात जाण्याविषयी. जरूर जा, आणि संकोच न करता जा, पण पहिल्या भेटीत पोथीची मागणी करू नका. या परंपरेने आपले वाङ्मय साडेपाचशेहून अधिक वर्षे गुप्त लिपीत राखले ते त्याचा उपहास होऊ नये म्हणून, आणि छापील आवृत्तीतील काही लीळांवरून वाद झालेले आहेत, हेही जुने झालेले नाही. आधी निरूपण ऐकावे. पोथीतील शब्दाचा अर्थ पंथात आज कसा लावला जातो, हे कोणत्याही कोशातून कळत नाही. उपदेशी नसल्याचे स्पष्ट सांगावे, अभ्यासासाठी आले आहे म्हणावे. पंथाबाहेरच्या, किंबहुना देशाबाहेरच्या अभ्यासकांनाही महंतांनी मोठ्या मनाने शिकवलेले आहे. आपण जे लिहाल त्यात त्यांना श्रद्धेय असलेली गोष्ट आपल्या दृष्टीने ऐतिहासिक पुरावा असेल, आणि हा फरक आपल्या लेखनात सभ्य शब्दांत, पण लपवाछपवी न करता, दिसला पाहिजे. रिद्धपूर आपल्यापासून एका दिवसाच्या अंतरावर आहे आणि आता तिथे मराठी भाषा विद्यापीठही स्थापन झाले आहे. मार्गदर्शक निवडण्यापूर्वी तिथल्या प्राध्यापकांशी बोलून घ्यावे.

इतिहास आधी की व्याकरण, या प्रश्नाचे उत्तर राहिले. दोन्ही नको. आधी केशवराज सूरींनी संकलित केलेला, स्वामींच्या दृष्टांतांचा ‘दृष्टांतपाठ’ घ्या. त्यात ११४ दृष्टांत आहेत, प्रत्येक लहान, स्वतःपुरता पूर्ण, आणि हत्ती चाचपणाऱ्या जन्मांधांसारखे काही आपल्याला वेगळ्या रूपांत आधीपासून ठाऊक असलेले. गोष्ट माहीत असली की जुनी भाषा निम्मी सोपी होते. रोज शाळेतून आल्यावर एक दृष्टांत, असे केले तरी चार महिन्यांत ग्रंथ संपेल आणि कानाला हे गद्य सरावेल. तोपर्यंत विद्यापीठाचा अर्ज भरू नका. नोंदणी झाली की मुदतीचे घड्याळ सुरू होते, आणि पहिले वर्ष भाषा शिकण्यात गेले असे कोणत्याही प्रगती-अहवालात लिहिता येत नाही. सुट्टीत तिन्ही आवृत्त्या मिळवण्याच्या मागे लागा. नेने यांची आवृत्ती दुकानात मिळणार नाही, ती अमरावती किंवा नागपूरच्या जुन्या ग्रंथालयांत पाहावी लागेल. लोणारच्या लीळा उतरवून झाल्या की त्यांतील पाठभेदांची यादी मला पाठवा, मग शीर्षकाविषयी बोलू.